‘समाधानी राहा’ म्हणतात, म्हणजे नेमके करायचे काय?

एका सव्वीस वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारला आहे. ती मूळची श्रीरामपूरकडची, पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिचे म्हणणे थोडक्यात असे: बरोबरीच्या मुलींची लग्ने झाली, माझी काही स्थळे आली आणि फिसकटली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्या जणी सांगतात, ‘समाधानी राहा, देव योग्य वेळी देईल.’ मी प्रार्थना करते, दोन दिवस बरे वाटते, मग कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो दिसतात आणि सगळे वाहून जाते. वडील गेल्यापासून घराच्या कागदांवर हक्कसोडीची सही कर म्हणून भाऊ मागे लागला आहे. आई म्हणते, ख्रिस्ती मुलीने आहे त्यात समाधान मानावे. माझा विश्वास कमी पडतो आहे का? आणि समाधानी असणे म्हणजे काही मागायचेच नाही का?

बाळ, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचा गुंता तिथूनच झाला आहे. मी बरीच वर्षे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते आणि आता मंडळीतल्या तरुणींबरोबर वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास घेते. या सगळ्या काळात समाधानाबद्दल जो गैरसमज मला सर्वांत जास्त भेटला तो हाच, की समाधानी मुलीला काही हवेसे वाटत नाही. शास्त्रात असे कुठेही नाही. मागायचे आहे, मोकळेपणाने मागायचे आहे. फक्त मागितलेले मिळेपर्यंत जगणे थांबवून ठेवायचे नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, पण ते रोजच्या दिवसात कसे उतरवायचे हे नीट सांगावे लागेल.

हन्नाची गोष्ट काढ, १ शमुवेलाचा पहिला अध्याय. तिला मूल नाही. सवत पनिन्ना वर्षानुवर्षे टोचून बोलते. नवरा एलकाना प्रेमळ आहे, पण तिच्या दुःखाचा ठाव त्याला लागत नाही. तो विचारतो, मी तुला दहा मुलग्यांपेक्षा अधिक नाही का? हन्ना त्याच्याशी भांडत नाही, आणि ‘तुम्ही आहात, तेवढे पुरे’ असे खोटेही बोलत नाही. ती उठून शिलोच्या मंदिरात जाते आणि ओठ हलवत, आवाज न काढता, इतकी रडून प्रार्थना करते की एली याजकाला ती प्यायलेली वाटते. ज्याने ओळखायला हवे होते त्या देवाच्या सेवकालाही तिचे दुःख ओळखता आले नाही. हे तुझ्याही बाबतीत होईल, झालेही असेल. ती त्याला आदराने पण स्पष्ट सांगते: मी द्राक्षारस प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे आपले मन ओतते आहे. मग एली तिला आशीर्वाद देतो. बस, एवढेच घडते. पण त्यानंतर लिहिले आहे की ती परतली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. इथे मी मुलींना थांबवते आणि विचारते, या क्षणी हन्नाच्या हातात काय आहे? पुढे तिला झालेला मुलगा शमुवेल अजून पोटातही नाही. पनिन्ना घरीच आहे, उद्या पुन्हा टोमणे मारणार आहे. तरीही ती जेवली. मागणे तिने सोडलेले नाही, पण ते आता एकटीने छातीशी धरून ठेवलेले नाही.

याच्या उलट मी वसतिगृहात खूप पाहिले. तरुण संघाच्या सभेत एखादी मुलगी उठून साक्ष द्यायची, ‘मला लग्नाचे काही वाटत नाही, प्रभू मला पुरे आहे.’ सगळ्या जणी ‘आमेन’ म्हणायच्या. आणि तीच मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला जायचे टाळायची, गेलीच तर परत येऊन जेवणाला, साडीला, नवऱ्याच्या उंचीला नावे ठेवायची. ती ढोंगी नव्हती. तिला कुणी सांगितलेच नव्हते की इच्छा देवापुढे जशीच्या तशी ठेवता येते. दाबलेली इच्छा जात नाही, ती कडवट होते आणि दुसऱ्याच वाटेने बाहेर पडते. स्तोत्रांमध्ये ‘किती काळ, परमेश्वरा?’ असे विचारणारी माणसे आहेत. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात स्तोत्रकार आसाफ उघड कबूल करतो की दुष्टांचे चांगले चाललेले पाहून मला हेवा वाटला, माझे पाय घसरणारच होते. ही कबुली पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे, खोडून टाकलेली नाही. तेव्हा फोटो पाहून तुला जे वाटते त्याचे नाव हेवा असेल, तर त्याला हेवाच म्हण, आणि ज्याला सांगायचे त्याला सांग.

आता तुझा दुसरा प्रश्न. दोन दिवस बरे वाटते आणि मग जाते, म्हणून विश्वास कमी आहे का? प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले तेव्हा तो बेड्यांत होता. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की कोणत्याही स्थितीत समाधानाने राहायला मी शिकलो आहे. भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला, विपुलतेत आणि टंचाईत. हा माणूस स्वभावाने शांत नव्हता. बर्णबासारख्या जिवलगाशी त्याचा एवढा कडाक्याचा वाद झाला की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. म्हणजे समाधान त्याच्या अंगात जन्मापासून नव्हते, ते त्याला फटके खात, तुरुंग पाहत, वर्षानुवर्षे शिकावे लागले. तू सव्वीस वर्षांची आहेस. दोन दिवस टिकते आहे म्हणजे शिकणे सुरू झाले आहे. उद्या ते तीन दिवस टिकेल, परवा कदाचित एक तासही टिकणार नाही. दर वेळी ‘माझा विश्वास खोटा’ असा निकाल देत बसलीस, तर शिकायला लागणारी ताकद त्या निकालातच खर्च होईल.

याच अध्यायातले ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे वचन आपण परीक्षेच्या दिवसांत भिंतीवर लावतो, मगवर छापतो. ते उपाशी आणि तृप्त राहण्याबद्दलच्या वाक्याला लागून आलेले आहे. जिंकण्याच्या सामर्थ्याइतकेच ते न मिळाल्याचा दिवस पार पाडण्याच्या सामर्थ्याबद्दल आहे. आणि त्याच्या पुढचे वाक्य आपण वाचतच नाही. पौल लगेच म्हणतो की तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केले. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, ती त्याने आनंदाने घेतली. समाधानी माणसाला माणसे लागत नाहीत, हा समज इथे मोडतो. तुला एकटे वाटते हे कुणाला सांगणे, कुणाकडून आधार घेणे, हे समाधानाच्या विरुद्ध नाही.

आपल्याकडे आणखी एक सल्ला फार चालतो आणि तो मला मनापासून खटकतो: ‘तू आधी समाधानी हो, मग बघ, देव लगेच स्थळ पाठवतो.’ सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यात समाधानाची किंमत लावली जाते. मुलगी मग समाधानी होण्याचा प्रयत्न करते, एक डोळा दाराकडे ठेवून. स्थळ आले नाही की तिला वाटते, माझे समाधान पुरेसे खरे नव्हते. पौल समाधानी होता म्हणून त्याच्या बेड्या निघाल्या असे त्या पत्रात नाही. त्याच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले. तुझे लग्न होईल की नाही हे मी तुला सांगू शकत नाही, तुझी मावशी सांगू शकत नाही आणि पाळकसाहेबही सांगू शकत नाहीत. जे वचन देवाने दिलेले नाही ते त्याच्या नावावर कुणी खपवू नये. त्याने दिलेले वचन इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे: जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा, कारण ‘मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.’ तिथे तृप्तीचे कारण त्याची सोबत आहे. उद्या काय मिळणार याचा तिथे उल्लेख नाही.

मग थांबलेल्या काळात करायचे काय? यासाठी मला यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय सर्वांत उपयोगी वाटतो. त्यातली एकच ओळ सगळ्यांना पाठ असते, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत आणि तो भविष्याची आशा देणार आहे, ती. पण ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि त्यात सत्तर वर्षांचा काळ सांगितला आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परत जाणे नव्हते. त्यांना सांगितले काय, तर घरे बांधून राहा, मळे लावून त्यांची फळे खा, लग्ने करा, लेकरे वाढवा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्यांना परत जायचे होते, ती इच्छा देवाने चुकीची ठरवली नाही. पण परत जाईपर्यंत सामान बांधून दारात बसून राहू नका, असे त्याने सांगितले.

अनेक तरुण मुली दारात बसलेल्या मला दिसतात. ‘लग्न झाल्यावर चांगली भांडी घेऊ, तोवर ही चालतील.’ ‘लग्न झाल्यावर ठरवू कुठे शिकायचे.’ ‘मंडळीत काम घेतले आणि लग्न ठरले तर?’ पुण्यातला तुझा फ्लॅट हा तात्पुरता मुक्काम आहे असे धरून तू तिथे किती वर्षे काढलीस, ते एकदा पाहा. चांगले पातेले आण. पडदे लाव. रविवारी उपासनेनंतर कुणाला तरी जेवायला बोलाव, वरण-भात असला तरी चालेल. लॅबमधले पुढचे प्रशिक्षण किंवा पदविका डोक्यात असेल तर अर्ज भर. शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारच्या बायबल-शाळेचा, एखादा वर्ग वर्षभरासाठी घे आणि वर्षभर सांभाळ. हे लग्नाच्या विचारापासून मन वळवण्याचे उपाय म्हणून मी सांगत नाही. हे तुझे आयुष्य आहे, आणि ते सुरू झालेले आहे.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण शाळेत घेतो, मंडळीत घेतो, पण त्यांच्या आयुष्याची पाने या नजरेने उलटून पाहिली जात नाहीत. जन्म १८५८ चा. १८७४ च्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायी फिरून त्या कलकत्त्याला पोहोचल्या, तिथल्या पंडितांनी त्यांना गौरवले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वय वर्षभराचेही नाही. म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या आत माहेर संपले आणि संसारही संपला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मनात डॉक्टर होण्याचे होते. वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण कानांनी नीट ऐकू येत नसल्याने वैद्यकीय शिक्षण शक्य झाले नाही. त्या संस्कृत शिकवू लागल्या. आणि १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या कशासाठी? नात्यातल्या आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळत होती, तो समारंभ पाहण्यासाठी. आपल्याला जे हवे होते आणि मिळाले नाही, तेच दुसरीला मिळताना पाहायला त्या समुद्र ओलांडून गेल्या.

तुझ्या साखरपुड्याच्या फोटोंच्या संदर्भात हा प्रसंग मी नेहमी सांगते. रमाबाई गेल्या, कौतुकाला उभ्या राहिल्या, आणि मग अमेरिकेतच राहून बालविधवांसाठी ठिकठिकाणी बोलू लागल्या. १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. नंतर दुष्काळातल्या शेकडो मुली आणि बायका दौंडजवळच्या केडगावात त्यांच्या छत्राखाली आल्या. मुक्ती मिशन या त्यांच्या संस्थेचे ते आवार आजही आहे, पुण्याहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येते. मैत्रिणींना घेऊन जा.

पण रमाबाईंना ‘सोसणारी बाई’ करून टाकू नकोस. १८८२ मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी मांडली, स्वतः विधवा होऊन काही महिनेच झाले असताना. बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून सडेतोड वाद चालला. केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून त्यांनी काही मान्य केले नाही. आणि शेवटच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, हाताशी आलेली, सगळे काम जिच्यावर सोपवायचे ती. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की मला समाधान आणि धडपड एकाच बाईत नांदताना दिसतात, आणि त्यामुळेच तुझ्या घराच्या कागदांबद्दल मी तुला आता जे सांगणार आहे ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

सही करू नकोस. निदान आत्ता नको, दबावाखाली नको. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यानुसार आईचा एक-तृतीयांश, आणि उरलेले मुलामुलींत सारखे. मुलगा म्हणून जास्त, मुलगी म्हणून कमी असे त्यात नाही. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना हाच हक्क मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, निकाल १९८६ चा. तुला तो आधीपासून आहे. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते फिरवणे फार अवघड असते, म्हणून भावाच्या ओळखीतला नको, तुझा स्वतःचा वकील गाठ.

‘पण वचन काय म्हणते?’ असे आई विचारेल. गणनाच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय तिला वाचून दाखव. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे, याजकापुढे, सरदारांपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव का बुडावे? आम्हाला वतन द्या. मोशेने प्रश्न परमेश्वरापुढे नेला आणि परमेश्वर म्हणाला, मुली बरोबर बोलतात. तुला भाऊ आहे, म्हणून तुझी परिस्थिती तंतोतंत तशी नाही. पण वाटा मागणाऱ्या मुलीला देवाने असमाधानी ठरवले नाही, एवढे त्यातून स्वच्छ दिसते. समाधानाबद्दल बोलताना १ तीमथ्याचा सहावा अध्याय हमखास काढला जातो, ‘चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे.’ त्याच्या आधीचे वचन कुणाला बजावते ते पाहा: भक्तीला कमाईचे साधन समजणाऱ्यांना. दुसरीला समाधान शिकवून तिचा वाटा आपल्याकडे ठेवणाऱ्याने तो अध्याय आधी स्वतःसाठी वाचायला हवा.

तुला भावाला द्यायचेच असेल, त्याची खरोखर ओढाताण असेल, तर दे, सगळेही दे. पण २ करिंथच्या नवव्या अध्यायातली अट लावून दे: आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे, दुःखी मनाने नाही, भाग पडते म्हणून नाही. स्वतःचे काय आहे हे माहीत असणाऱ्यालाच देता येते. हेच मी मंडळीच्या मोठ्या प्रश्नांबद्दलही म्हणते. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. त्यासाठी अर्ज करणारे, मोर्चे काढणारे आपले लोक प्रभूमध्ये असमाधानी आहेत असे कुणी म्हटले, तर मी ते मान्य करत नाही.

स्थळांबद्दल एक गोष्ट, जी कुणी तुला आकड्यांत सांगितली नसेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, लोकसंख्येच्या एक टक्क्यापेक्षाही थोडे कमी. त्यात वसईचे कॅथलिक, मुंबईचे ईस्ट इंडियन, गोव्याहून आलेले, मल्याळी आणि तमिळ कुटुंबे, आणि मग नगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूरकडचे आपण मराठी प्रोटेस्टंट. त्यातूनही पंथ, पोटजात (मंडळीत ती नसते असे आपण म्हणतो, पण बैठकीत ती विचारली जाते), शिक्षण, नोकरीचे गाव असे गाळत गेले की तुझ्यासारख्या मुलीसाठी मूठभर घरेच उरतात. स्थळ फिसकटले की मुलगी आरशासमोर उभी राहते आणि स्वतःत खोट शोधते. खोट तुझ्यात नाही, निवडीला माणसेच थोडी आहेत. हे कळल्याने दुःख जात नाही, पण त्यातली शरम तरी जाते. आणि एवढ्यासाठीच सांगते, घाबरून कुणालाही हो म्हणू नकोस. चिडखोर, व्यसनी किंवा तुझ्या पगारावर डोळा ठेवणाऱ्या माणसाबरोबर एकटेपणा जास्त असतो. अशा घरांतल्या बायका रात्री मला फोन करतात.

फोटोंचे काय करायचे ते सरळ आहे. येशूचा शिष्य पेत्र याने दुसरा शिष्य योहान याच्याकडे पाहून विचारले, प्रभू, याचे काय? येशूने उत्तर दिले, तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये. पुनरुत्थित प्रभूसमोर उभे असतानाही पेत्राला शेजाऱ्याची चौकशी सुटली नाही, तर आपल्याला रात्री अकरा वाजता, दमलेल्या डोळ्यांनी, अंथरुणात ती कशी सुटेल? म्हणून फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि गजराचे साधे घड्याळ आण. ज्या मैत्रिणीचे फोटो सर्वांत जास्त टोचतात तिला फोन करून अभिनंदन कर, आवाजाने, बोटांनी नाही. तिच्या सासूबद्दल, घरभाड्याबद्दल, तिच्या भीतीबद्दल ती बोलेल तेव्हा फोटोतली मुलगी पुन्हा तुझी मैत्रीण होईल. आणि काही आठवडे ते अ‍ॅप काढून टाकावेसे वाटले तर काढून टाक, त्यात पराभव नाही.

एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की दूध तुटलेले मूल आईजवळ असते तसा माझा जीव शांत आहे. ज्यांनी मुलांचे दूध तोडले आहे त्या बायकांना माहीत आहे की त्या शांततेआधी रडण्याच्या रात्री असतात. पण शेवटी मूल आईच्या कुशीत येते ते दुधासाठी नव्हे, आईसाठी. तुझ्या प्रार्थनेतही असे व्हायला वेळ लागेल. रोज थोडा वेळ असा ठेव, ज्यात लग्न, घर, भाऊ यांपैकी काहीच मागायचे नाही; नुसते बसायचे, एखादे भक्तिगीत म्हणायचे. मागणीची वेळ वेगळी ठेव, आणि तेव्हा भरपूर माग.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून बाजूला काढून सांगते. उदासी रोजची झाली असेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, कामात चुका होऊ लागल्या असतील आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर ते समाधान कमी असल्याचे लक्षण समजू नकोस. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या कुणाला तरी सांग. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येते. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले आणि झोपू दिले.

आता या आठवड्यापुरते. १ शमुवेलाचा पहिला अध्याय आधी वाच, एकटीने नको. फ्लॅटमधली एखादी मैत्रीण किंवा मंडळीतली अशी एक प्रौढ बाई गाठ, जी ऐकताना मध्येच उपाय सांगत नाही. अशा बायका असतात, बहुतेक वेळा त्या व्यासपीठावर नसतात. उपासनेनंतर चटया गोळा करताना सापडतात. तिला तुझी खरी यादी सांग, लग्नापासून घराच्या वाट्यापर्यंत. मग वकिलाची वेळ घे. आणि शनिवारी बाजारात जाऊन ते पातेले आण.